टिकाऊ, पण कशापुढे?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आखडून देतो.

‘सर, सासूबाई आणि मी मिळून कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस), आमसुलं, आंब्याची साठं (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या), लोणचं असं करतो. बचत गटातल्या बायका काथ्याची पायपुसणी करतात आणि माझे दीर लाकडी खेळणी कातून रंगवतात. हा सगळा माल रस्त्याकडेच्या आमच्या लहानशा दुकानात असतो. आता बाहेरचे पर्यटक येतात, म्हणून इंग्रजीत एक पत्रक छापायचं ठरवलं. मी बारावी शिकलेय. शब्दकोशात टिकाऊला ‘ड्युरेबल’ शब्द मिळाला, म्हणून वर ठळक लिहिलं, ऑल अवर प्रॉडक्ट्स आर ड्युरेबल. नमुन्याचा कागद दुकानात लावला होता. एका गिऱ्हाईक बाईंनी तो वाचला आणि हसत विचारलं, “साठं खायची आहेत की दाराला लावायची?” त्या वाईट बोलल्या नाहीत, पण मला लागलं. मुलगी म्हणते शब्द चुकलाय, पण का चुकला ते तिलाही सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, “मीठ बरा पडला काय आगळ दोन वर्सां रवता, मगे टिकाऊ न्हय तर काय?” खोटं कोण, शब्दकोश की आम्ही? शिवाय आमच्या वाडीतल्या व्हाळाला (ओढ्याला) बारा महिने पाणी असतं, त्याची एक ओळ टाकायची आहे. तिथे ड्युरेबल चालेल का?’

ताई,

छापखाना खोळंबायला नको म्हणून उत्तर आधी देतो. पायपुसण्यांना ‘ड्युरेबल’ चालेल. खेळण्यांना चालेल. आगळाला, साठांना, लोणच्याला चालणार नाही. व्हाळाला तर मुळीच नाही.

सासूबाईंना मात्र सांगा, त्यांचं म्हणणं खरं आहे. आगळ टिकाऊच आहे. शब्दकोशही खोटा नाही. घोटाळा केला तो ‘म्हणजे’ या शब्दानं. ‘ड्युरेबल म्हणजे टिकाऊ’ असं आपण शाळेत पाठ करतो. मी इंग्रजी शिकवायचो तेव्हा वर्षानुवर्षं फळ्यावर असंच लिहिलं, एका शब्दापुढे एक शब्द. मुलांनी ते वहीत उतरवलं, परीक्षेत लिहिलं, गुण घेतले. तुमचं पत्र वाचताना त्या वह्या डोळ्यांपुढे आल्या. त्यातलीच एखादी तुमच्या दुकानापर्यंत पोचली असं वाटलं, आणि म्हणून हे उत्तर जरा ऐसपैस लिहितो आहे.

आपला ‘टिकाऊ’ हा शब्द मोठ्या मनाचा आहे. सागवानी दार टिकाऊ, बुंदीच्या लाडवापेक्षा रव्याचा लाडू टिकाऊ, साडीचा रंग टिकाऊ, आणि एखाद्या तहाबद्दल बोलतानाही आपण म्हणतो, हा काही टिकाऊ नाही. दाराला ऊन, पाऊस आणि वाळवी सोसायची आहे. लाडवाला बुरशी लागता कामा नये. रंगाला धुण्यापुढे उभं राहायचं आहे. तिन्ही संकटं वेगळी, पण मराठीला एक शब्द पुरतो, कारण ऐकणाऱ्याला संदर्भावरून सगळं उमगतं. इंग्रजीत या प्रत्येक संकटाला वेगळा शब्द आहे. म्हणून इंग्रजी शब्द निवडण्याआधी स्वतःला एवढंच विचारायचं: ही वस्तू टिकते खरी, पण कशापुढे टिकते?

‘ड्युरेबल’ म्हणजे वापरापुढे टिकाव धरणारं. वस्तू रोज हाताळली जाते, घासली जाते, आपटते, भिजते, वाळते, आणि तरी आपलं काम करत राहते. ड्युरेबल शूज, ड्युरेबल क्लॉथ, ड्युरेबल पेंट, ड्युरेबल फर्निचर. यात प्रत्येक ठिकाणी झीज आहे आणि झिजेला दाद न देणारी वस्तू आहे. साठं कोणी वापरत नाही, ती खाल्ली की संपली. खाण्याला ड्युरेबल म्हटलं की इंग्रजी कानाला वाटतं, हे चावता चावत नसेल, तुटता तुटत नसेल. त्या बाईंच्या तोंडी दार आलं ते त्यामुळेच. त्या तुमच्या साठांना हसल्या नाहीत, त्या शब्दानं त्यांच्या मनात जे चित्र उभं केलं त्याला हसल्या. हे एवढ्यासाठी सांगतो की तुम्हाला लागलंय, आणि ते लागून राहू नये.

आता या शब्दाच्या मुळाकडे जाऊ या, कारण तिथे आपल्या लाल मातीतलाच दाखला मिळतो. लॅटिन भाषेत ‘दूरुस’ म्हणजे कठीण, टणक. त्यावरून ‘दूरारे’ हे क्रियापद, त्याचा एक अर्थ टणक करणं आणि दुसरा अर्थ टिकून राहणं. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला त्याला सहाशेहून जास्त वर्षं झाली. टणक होणं आणि टिकणं एकाच शब्दात कसं काय, हे परक्या माणसाला समजावून द्यावं लागेल. चिरेखाणीच्या आसपास वाढलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. जांभा दगड जमिनीत असतो तेव्हा ओलसर आणि मऊ असतो, म्हणून तर त्याचे सरळ चिरे कापता येतात. कापलेला चिरा वाऱ्या-उन्हात राहिला की त्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरत जातं आणि तोच चिरा कडक होतो. मग त्याच्या भिंती कोकणातला पाऊस पिढ्यान्पिढ्या अंगावर घेतात. चिरा टणक होतो म्हणून टिकतो. ‘दूरारे’चे दोन्ही अर्थ एका चिऱ्यात आले.

जांभ्याचं इंग्रजी नावही लॅटिनमधूनच आलं आहे, हे जाता जाता सांगतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरानं केरळात लोक हा दगड कापून विटांसारखा वापरताना पाहिले आणि १८०७ साली त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट.

याच ‘दूरारे’च्या घरातले आणखी काही शब्द तुमच्या मुलीला येत असतील. ‘ड्युरिंग’ म्हणजे एखादी गोष्ट टिकून असताना, चालू असताना. ‘ड्युरेशन’ म्हणजे ती किती वेळ टिकली. ‘एन्ड्युअर’ म्हणजे सोसणं, तग धरणं. टणकपणाच्या बाजूनं ‘ड्युरम’ हा शेवयांचा आणि पास्त्याचा कठीण दाण्याचा गहू आला. कोणावर बळजबरी करून सही घेतली तर कायद्यात ‘ड्युरेस’ म्हणतात, त्यातही तोच कठोरपणा आहे. मुलीला हे शब्द एका ओळीत लिहून दाखवायला सांगा. सुटे सुटे पाठ केलेले शब्द विसरतात. एका घरातले म्हणून ओळख झाली की सहसा विसरत नाहीत.

‘एन्ड्युअर’पाशी थोडं थांबायला हवं, कारण पर्यटकांसाठी लिहिताना तो तुम्हाला लागणारच. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ साली झाली. तेव्हापासून खारं पाणी आणि दरवर्षीचा पावसाळा तो तट झेलतो आहे. त्याच्याबद्दल इंग्रजीत लिहायचं तर ‘द फोर्ट हॅज एन्ड्युअर्ड द सी फॉर मोर दॅन थ्री हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स’ असं सुंदर वाक्य होतं. इथे ‘ड्युरेबल’ ठेवलं तर शब्द चुकीचा नाही, पण तोकडा पडतो. ड्युरेबल हा गुण आहे, आणि तो कालच विणलेल्या पायपुसण्यालाही असू शकतो. एन्ड्युअर्ड म्हणायला मात्र काळ जावा लागतो, सोसावं लागतं. कीर्ती, परंपरा, प्रेम यांना म्हणूनच ‘एन्ड्युअरिंग’ म्हणतात. आणि इथे एक खड्डा आहे. ‘एन्ड्युअरेबल’ असाही शब्द आहे, तो दिसायला ड्युरेबलचा भाऊ, पण अर्थ सोसण्याजोगं, कसंबसं चालवून घेण्याजोगं. ‘एन्ड्युअरेबल फूड’ असं पत्रकावर गेलं तर त्याचा अर्थ होईल, जेवण बरं नाही पण गिळता येतं. तेवढं सांभाळा.

आता तुमच्या मालाकडे वळू.

पायपुसणी आधी घेतो. काथ्याला ‘ड्युरेबल’ हा शब्द अगदी शोभतो. नारळाच्या सोडणातला हा धागा खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही, चिखलाच्या पायांनी घासला तरी झडत नाही. इथे एक फरक दाखवतो, कारण पत्रकं लिहिणारे पुष्कळ जण ‘स्ट्राँग’ आणि ‘ड्युरेबल’ यांची सरमिसळ करतात. नायलॉनची दोरी काथ्याच्या दोरीपेक्षा कितीतरी जास्त ओझं तोलते, म्हणून ती स्ट्राँग. पण तीच दोरी वर्षानुवर्षं कडक उन्हात राहिली तर उन्हानं कमजोर होत जाते. म्हणजे ताकद ही आजची गोष्ट झाली आणि ड्युरेबिलिटी ही पुढच्या वर्षांची. ‘स्टर्डी’ असा तिसरा शब्द आहे, त्याचा अर्थ भक्कम, बसकणीचं, हललं तर डुगडुगत नाही असं. स्टूल स्टर्डी असतं. पायपुसण्याला स्टर्डी म्हणू नका, ते ड्युरेबल किंवा ‘हार्ड-वेअरिंग’ असतं. मला हा दुसरा शब्द जास्त आवडतो, कारण तो ऐकताच पाय आणि पायपुसणं डोळ्यांपुढे येतं.

लाकडाच्या बाबतीत तर ड्युरेबल हा व्यापारातला मोजूनमापून वापरायचा शब्द आहे. युरोपात लाकूड बुरशीपुढे किती टिकतं त्यावरून १ ते ५ अशा पायऱ्या लावतात. पहिल्या पायरीचं लाकूड सर्वांत टिकाऊ, पाचवीचं टिकाऊ नसलेलं. जुनं सागवान पहिल्या पायरीवर बसतं. दिरांची खेळणी कातायला सोपं जावं म्हणून मऊ, हलक्या लाकडाची असतील, तर ‘मेड ऑफ ड्युरेबल वुड’ लिहू नका. जाणकार गिऱ्हाईक विचारेल, लाकूड कोणतं? त्याऐवजी खेळण्यालाच ड्युरेबल म्हणा. पोरानं दहा वेळा आपटलं तरी चाक निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि तो खरा आहे.

खेळण्याच्या रंगाला मात्र वेगळा शब्द. आपण म्हणतो ‘रंग पक्का आहे’. इंग्रजीत त्याला ‘फास्ट’ म्हणतात, ‘द कलर्स आर फास्ट’. हे वाचून बिचकू नका. फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का असाच आहे. दोर घट्ट बांधला तर तो ‘फास्ट’, गाढ झोप लागली तर ‘फास्ट अस्लीप’. पळण्याचा अर्थ नंतर चिकटला. पण रंग खरोखर पक्का असेल तरच लिहा. लहान मूल खेळणं तोंडात घालतं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. फडक्याला डाग लागला, तर ती ओळ सरळ खोडा.

आता खाण्याचे जिन्नस. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथे तुमच्या सासूबाईंनी शब्दकोशाच्या आधीच बरोबर शब्द दिला होता आणि कोणाच्या ते लक्षात आलं नाही. त्या काय म्हणाल्या? ‘आगळ रवता.’ टिकतं असंही त्या म्हणू शकल्या असत्या. पण तोंडात आलं ते रवता, राहतं. इंग्रज बाई आपल्या स्वयंपाकघरात हेच म्हणते, ‘इट कीप्स.’ ‘धिस पिकल कीप्स वेल.’ ‘इट कीप्स फॉर अ इयर.’ शाळेत ‘कीप’ म्हणजे ठेवणं एवढंच शिकवतात. पण कर्म काढून टाकलं की त्याचा अर्थ होतो न बिघडता राहणं. वाक्याला ‘वी’ नको, ‘यू’ नको, लोणचं स्वतःच कर्ता. मालवणी ‘रवता’ आणि इंग्रजी ‘कीप्स’ यांची बांधणी इतकी जुळते की मधे मराठी शब्दकोश नसता तर तुमचं पत्रक पहिल्या फटक्यात बरोबर आलं असतं.

खाण्याचं टिकणं हे झिजेपुढे नसतं, नासण्यापुढे असतं. ते साधायची रीत आपल्याकडे आगोटीच्या दिवसांत घरोघर चालते. बुरशी आणि जिवाणू वाढायला पाणी लागतं. आगळात मीठ भरपूर पडलं की पाणी असूनही ते त्यांच्या उपयोगाचं राहत नाही, शिवाय कोकमाचा आंबटपणा मदतीला असतोच. साठांत साखर असते आणि उन्हानं पाणी उडवलेलं असतं. आमसुलं वाळवायची, पुन्हा रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची. सुकट, सोडे, सुके बोंबील यांतही पाणी घालवणं हेच काम. पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या आपल्या बायकांना हे शास्त्र हातानं येतं. म्हणून माझी विनंती आहे, पत्रकावर नुसतं विशेषण टाकण्यापेक्षा ही रीतच दोन शब्दांत लिहा. ‘सॉल्टेड’, ‘सन-ड्राइड’. वाचणाऱ्याला कळतं की हे राहणार, आणि का राहणार तेही कळतं.

दुकानदारीच्या भाषेत यासाठी ‘शेल्फ लाइफ’ आहे, म्हणजे फळीवरचं आयुष्य. ‘लाँग शेल्फ लाइफ’ चालतं, पण ते कंपनीच्या कागदावर शोभतं. तुमच्या दुकानात ‘कीप्स’ जास्त गोड लागेल. ताजी मासळी, पिकलेला हापूस हे ‘पेरिशेबल’, म्हणजे नाशिवंत. याच्या उलट ‘नॉन-पेरिशेबल’. फ्रिजशिवाय राहणाऱ्या पदार्थाला ‘शेल्फ-स्टेबल’ असंही म्हणतात.

इथे शब्दांपलीकडची एक गोष्ट बोलायलाच हवी. सासूबाईंचं दोन वर्षांचं आगळ घरच्या बरणीतलं, घरच्या कोरड्या चमच्याचं. मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या घरात ती बाटली कशी हाताळली जाईल ते तुमच्या हातात नाही. म्हणून दोन वर्षं छापू नका. अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे पाकीटबंद खाद्यपदार्थावर तयार केल्याची तारीख आणि वापरण्याची शेवटची तारीख लिहावी लागते. ‘बेस्ट बिफोर’ हवं तर सोबत लिहिता येतं. ‘यूज बाय’ म्हणजे त्या तारखेनंतर खाऊ नका, आणि ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव, रंग उत्तम, नंतर उतरत जाईल. पत्रकात महिन्यांचा आकडा लिहाल तो लेबलवरच्या तारखेशी जुळला पाहिजे. आणि ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह्ज’ लिहायचा मोह होईल, तो आवरा. आपल्याकडच्या नियमांत मीठ आणि साखर हीसुद्धा पहिल्या वर्गातली प्रिझर्व्हेटिव्ह्ज धरतात. त्यापेक्षा ‘कोकम अँड सॉल्ट, नथिंग एल्स’ हे खरंही आहे आणि वाचायलाही छान आहे.

एक क्रियापद आणखी देतो, ‘लास्ट’. मराठीतल्या टिकण्याच्या सगळ्यात जवळ हेच येतं. पायपुसणं लास्ट होतं, रंग लास्ट होतो, मैत्री लास्ट होते. पण खाण्याच्या बाबतीत त्याला दोन तोंडं आहेत. ‘द जार लास्टेड टू मन्थ्स’ म्हणजे बरणी दोन महिने पुरली. ‘धिस राइस विल लास्ट टिल दिवाळी’ म्हणजे हे तांदूळ दिवाळीपर्यंत पुरतील. टिकणं आणि पुरणं, दोन्ही त्यात आहेत. म्हणून आगळाच्या बाटलीवर ‘लास्ट्स सिक्स मन्थ्स’ लिहिलंत तर एखाद्याला वाटेल, बाटली सहा महिने पुरते. तिथे ‘कीप्स’च ठेवा.

‘लाँग-लास्टिंग’ हा शब्द परिणाम किंवा सुवास बराच वेळ राहतो तेव्हा वापरतात. तुम्ही सुरंगीच्या फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, ठेवत असाल तर त्याला हा शब्द द्या, ‘लाँग-लास्टिंग फ्रॅग्रन्स’. फुलं सुकली तरी वास दरवळत राहतो, ते त्यात नेमकं येतं. ‘ड्युरेबल फ्लॉवर्स’ म्हटलं तर लोक प्लास्टिकची समजतील.

व्हाळासाठी शब्द आहे ‘पेरेनियल’. ‘पेर’ म्हणजे आरपार, ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष, लॅटिनमध्ये. वर्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहणारा, आपला बारमाही. ‘अ पेरेनियल स्ट्रीम रन्स पास्ट अवर हाउस’ असं लिहा. मे महिन्यातही धार असते याची खात्री करूनच लिहा, कारण येणारे बहुतेक मे महिन्यातच येतील. हाच शब्द झाडांना लावला की अर्थ थोडा सरकतो, अनेक वर्षं जगणारं झाड. भात वर्षायू, म्हणून ‘ॲन्युअल’. आंबा, काजू, कोकम पेरेनियल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेल म्हणून ‘कन्झ्युमर ड्युरेबल’ची गोष्ट सांगून टाकतो. फ्रिज, पंखा, मिक्सर, धुण्याचं यंत्र यांना दुकानात आणि बँकेत हे नाव आहे. तिथे ड्युरेबल म्हणजे चांगल्या प्रतीचं असा अर्थ नाही. लगेच संपून न जाता वर्षानुवर्षं वापरली जाणारी वस्तू, एवढंच. अमेरिकेच्या सरकारी हिशेबात साधारण तीन वर्षं किंवा जास्त चालणाऱ्या वस्तूला ड्युरेबल धरतात. साबण, तेल, साठं ही नॉन-ड्युरेबल. एखादा पंखा सहा महिन्यांत जळाला तरी हिशेबात तो कन्झ्युमर ड्युरेबलच राहतो. हप्त्यावर वस्तू घेताना हा शब्द हमी म्हणून वाचू नका. हमी वॉरंटीच्या कागदावर असते.

अमूर्त गोष्टींना ड्युरेबल लावतात का? लावतात, जिथे ताण येतो आणि तो ताण सोसायचा असतो तिथे. ‘ड्युरेबल पीस’ म्हणजे पुढच्या भांडणातही न मोडणारा तह. निर्वासितांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रसंघाची संस्था ‘ड्युरेबल सोल्यूशन्स’ म्हणते, म्हणजे माणसाला परत घर सोडावं लागणार नाही असा तोडगा. तिथेही प्रश्न तोच, कशापुढे टिकायचं.

उच्चार ‘ड्युअरेबल’, जोर पहिल्या अक्षरावर. नाम ‘ड्युरेबिलिटी’. तुलना करताना ‘मोअर ड्युरेबल’. उलट अर्थासाठी ‘अनड्युरेबल’ करू नका, ‘नॉट ड्युरेबल’ म्हणा.

तुमचं पत्रक मी असं लिहिलं असतं. ‘ऑल अवर प्रॉडक्ट्स’ ही एका दावणीला सगळी गुरं बांधणारी ओळ काढून टाकली, आणि प्रत्येक जिनसाला आपापली ओळ दिली:

कोकम आगळ. कोकम अँड सॉल्ट, नथिंग एल्स. कीप्स विदाउट अ फ्रिज. यूज अ ड्राय स्पून.

मँगो साठ. राइप मँगो अँड शुगर, सन-ड्राइड. कीप्स टिल द नेक्स्ट मँगो सीझन.

कॉयर डोअरमॅट्स. हँडमेड बाय द विमेन ऑफ अवर व्हिलेज. हार्ड-वेअरिंग, मेड फॉर मडी फीट.

वुडन टॉइज. ड्युरेबल, हँड-टर्न्ड, पेंटेड इन फास्ट कलर्स.

साठांच्या ओळीतलं ‘नेक्स्ट मँगो सीझन’ हे मी अंदाजानं घातलंय. तुमची साठं पुढच्या हंगामापर्यंत खरंच राहतात का ते सासूबाईंना विचारा. त्या ‘रवतत’ म्हणाल्या आणि लेबलवरची तारीखही तेच सांगत असेल, तर ओळ ठेवा. नाहीतर ‘टिल द नेक्स्ट मँगो सीझन’ काढून तिथे महिन्यांचा आकडा घाला. आणि आगळाच्या ओळीखाली थोडी जागा मोकळी सोडा, तिथे बारीक अक्षरांत, देवनागरीतच, ‘रवता’ छापा. गिऱ्हाईक बाईंनी विचारलं की त्याचा अर्थ सासूबाईंनीच सांगावा.